दादांचे वाढते उपास

"आज माझो उपास आसा," असं म्हणून दादा उजवा तळहात असा पुढे करायचे की समोरच्याने चहा नव्हे, लाच देऊ केली आहे असं वाटावं. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं. "उपासान मन शांत होता रे, कंपाउंडरा." हे ते इतक्या मोठ्याने सांगत की खालच्या मजल्यावरचं तान्हं मूल दचकून उठे.

अशी शांत माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे दादा त्यांतले अव्वल. लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत ते, वहिनी आणि दोन मुली राहायच्या. दादा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि मी कोपऱ्यावरच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. एरवी दादांचं जेवण भोंग्यावर चाले. भोंगा झाला की ताट, इकडचं मिनिट तिकडे नाही. असा जेवलेला माणूस गाईसारखा गरीब असे. सोमवारी मात्र शंकराचा उपास. दुपारपर्यंत नळावर कुणाची तरी बादली लाथाडली जाई, संध्याकाळी कुणाची तरी चप्पल गॅलरीतून खाली जाई, आणि वर आम्हालाच ऐकवलं जाई, "मन कसा शांत आसा बघ!"

आम्हीही काही कमी नव्हतो. काही मागायला जायचं तर आधी वार बघायचा, असा चाळीचा नियमच झाला होता. त्यांच्या शांततेच्या नकला मी उत्तम करायचो, गणपतीत तर फर्माईश व्हायची.

मग संप झाला. भोंगा गप्प झाला आणि दादांच्या जेवणाच्या वेळा त्याच्याबरोबर गेल्या. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, दोन महिन्यांत मिटेल. तो मिटला नाही, पण दादांची भक्ती मात्र जोरात वाढली. सोमवारला मंगळवार येऊन मिळाला, मग दत्ताचा गुरुवार, मारुतीचा शनिवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. आठवड्याला वार सातच, नाहीतर देवांची आपल्याकडे काही टंचाई नव्हती. दादांचा आवाज आता रोजच चढलेला असे. "मालक वाकत नाहीत, निदान देव तरी वाकतील," असं मी एकदा गॅलरीत सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले. दादा हसले नाहीत. मला वाटलं, उपासाचा दिवस आहे.

परवा माझा पुतण्या सांगत होता की तो सोळा तास काही खात नाही. दादांच्या गिरणीच्या जागेवर आता उभ्या असलेल्या उंच इमारतीत एक बाई आहेत, त्या फी घेऊन लोकांना कधी जेवायचं नाही ते सांगतात. फार ताणलं तर अंगात कॉर्टिसोल नावाचं रसायन वाढतं म्हणे, मग झोप उडते, चिडचिड होते. मी त्याला म्हटलं, बाबा रे, हा क्लास आमच्या चाळीत फुकट चालायचा.

तर मूळ गोष्ट. एक दिवस दादांची धाकटी आमच्या हिला सहज बोलून गेली, "बाबांचा उपास असला की आम्हाला अख्खी भाकरी मिळते." हिने घरात येऊन ते मला जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्या नकला आता बंद करा."

नकला बंद केल्या आणि मी अक्कल चालवली. दादांना नुसतं जेवायला बोलावलं तर ते येणार नाहीत, पण उपासाचं द्यायला काय हरकत? गुरुवारी आमच्याकडून खिचडी गेली, शनिवारी समोरच्यांकडून रताळी. आम्ही स्वतःवर फार खूश होतो. दादांनी दोन्ही वेळा ताटली परत पाठवली आणि गॅलरीत जाहीर केलं, "ह्याच्यापुढे माझो उपास निर्जळी!" तोवर बिचारे उपासाला निदान कोरा चहा तरी घेत. आमच्या चांगुलपणाने तोही गेला.

चौथ्या दिवशी ते नळावर पडले. उचलून दवाखान्यात आणले तेव्हा छाती धडधडत होती आणि हातापायांना कापरं भरलं होतं. त्यातही दादा ओरडत होते की आपल्याला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी नाडी धरून ठेवली. "दादा, पोट असं दिवस दिवस रिकामं राहिलं की शरीराला वाटतं, संकट आलं. मग ते आतून लढाईची रसायनं सोडतं. तुमचं मन वाईट नाही हो, तुम्हाला भूक लागली आहे."

दादा उठून बसले. मग म्हणाले, "उपास मोडूचो नाय."

"औषधाने उपास मोडत नाही," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर लिहून माझ्याकडे दिलं. पेज, सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, दवाखान्यातच घेणे.

मी मिक्श्चरच्या मोठ्या बाटलीत हिने केलेली मऊ पेज भरली, वर डोसांच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली. दादा ठरल्या वेळी येत, बाकावर नंबर लावत, आणि गंभीर चेहऱ्याने डोस घेऊन जात. त्यांना सगळं कळत होतं, आम्हालाही. पंधरा दिवसांत नळावर भांडणं थांबली.

दादा पुढे गावी गेले आणि तिथेच वारले. त्यांचे किस्से मी पुष्कळांना सांगितले आहेत. हा शेवटचा सांगत नाही, कारण त्यात माझी अक्कल उघडी पडते.

त्या पंधरवड्याच्या शेवटी दादा डोस न घेताच डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले. मान खाली. "डॉक्टर, ह्योच आजार घरात आणखी एकाक आसा. ती माझ्यासारखी आरडत नाय, म्हणान कोणाक कळाक नाय."

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. भिंतीला भिंत लागून मी राहत होतो. वहिनींकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मला इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही. डॉक्टरांनी काही न विचारता दुसरा कागद लिहिला.

दुसऱ्या दिवशी आठला वहिनी आल्या आणि बाकाच्या टोकाला बसल्या. दादांनी माझ्याकडून ग्लास घेतला आणि त्यांच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही," त्या म्हणाल्या.

"घे गो. डॉक्टरान लिवन दिल्यान आसा." दादांना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

वहिनींनी दोन घोटांत ग्लास रिकामा केला. पट्टीवरच्या खाचेकडे न बघता मी तो पुन्हा भरला.