गोठ्याच्या भिंतीतली फट

हिल्डा थ्वेट माणसांना किंवा जनावरांना घाबरत नसे. मारका एडका ती शिंगाला धरून बाजूला करायची, आणि बर्फात अडकलेली मेंढी काढायला एकटी डोंगरावर चढायची. घाबरायची ती छापील कागदाला. ती नऊ वर्षांची असताना शेजारच्या खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. कुणीतरी तिच्या वडिलांच्या दारावर एक कागद ठोकून गेलं, आणि वर्षभरात ते घर पाण्याखाली गेलं. तेव्हापासून टपालातून लांबट पाकीट आलं की ती ते घड्याळामागे खोचून ठेवी आणि नवरा रानातून परत यायची वाट बघे. पाकीट फोडणं हे एडविनचं काम होतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत एडविनला अर्धांगाचा झटका आला. इस्पितळातून तो परतला तो उजवी बाजू गमावून. बोलण्यातलेही तीनच शब्द उरले होते: ‘हो’, ‘नको’, आणि तिला हाक मारायचा तो ‘पोरी’. त्यांच्या घराचा दगडी जिना शिडीसारखा उभा. झोपायची खोली आणि न्हाणीघर दोन्ही वर. मग बाहेरच्या खोलीत खाट टाकली, खाटेशेजारी बादली ठेवली. आयुष्यात कुणापुढे न वाकलेला माणूस त्या बादलीवर बसताना तोंड भिंतीकडे करायचा.

घराला लागूनच जुना गोठा होता, आता रिकामा. मधल्या भिंतीत दार पाडलं की तिथे एक खोली आणि न्हाणीघर सहज होणार होतं. पण आमचं सगळं खोरं राष्ट्रीय उद्यानात येतं. इथे खिडकीचा आकार बदलायचा तरी उद्यानाच्या कार्यालयात अर्ज टाकावा लागतो. मी तेव्हा स्कारबेकच्या गावसभेचा चिटणीस होतो, म्हणून ती माझ्याकडे आली. नकाशे मी काढून घेतले, अर्ज मी भरला. सही तिने इतक्यांदा खोडली की कागद बदलावा लागला.

आठ दिवसांनी तिच्या फाटकाला पिवळी सूचना बांधली गेली: थ्वेट यांना गोठ्यात राहती खोली करायची आहे, कुणाची हरकत असल्यास एकवीस दिवसांत लिहावी. हिल्डा त्या दिवसापासून फाटकाने जाईना. मागच्या दगडी कुंपणावरून चढून मेंढ्यांकडे जायची, वय वर्षं त्रेसष्ट.

मेच्या सुरुवातीला लांबट पाकीट आलं. आता घड्याळामागे ठेवून उपयोग नव्हता. तिने ते स्वतः फोडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. नियोजन अधिकारी गुरुवारी जागा पाहायला येणार होते. शिवाय अशा जुन्या गोठ्यांच्या भिंतींत वटवाघळं राहतात, त्यांची तपासणी करून घ्यावी लागणार होती. खाली लिहिलं होतं की त्यांची जागा बुजवणं हा गुन्हा आहे.

हिल्डाने ते वाक्य पुन्हा वाचलं. मार्चमध्ये, अर्जाच्याही आधी, गोठ्याच्या वरच्या भिंतीतली एक लांब फट तिने चुन्याने बुजवली होती. गोठ्यातून बाहेरच्या खोलीत वारा येऊन एडविनला थंडी लागू नये म्हणून, आपल्या हाताने.

हे तिने मला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. रस्त्याला गाडी वाजली की हातातलं काम टाकून ती दाराआड उभी राही. रविवारी प्रार्थनेला आली नाही. मी चौकशीला गेलो, तर दार चार बोटं उघडून म्हणाली, सर्दी झालीय. तिला वाटत होतं, पोलीस येतील, तिला नेतील, एडविनला कुठल्यातरी आश्रमात टाकतील, आणि हे सगळं एखाद्या कागदावर आधीच लिहिलेलं असेल.

अधिकारी यायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने शिडी लावली. चुना काढून टाकायचा, फट होती तशी करायची, म्हणजे काही झालंच नाही. छिन्नीने तिने हातभर चुना फोडला, आत बोटं घातली, आणि बोटांना काहीतरी हलकं, सुकलेलं लागलं. तिने बाहेर काढलं. वटवाघूळ होतं, अंगठ्याएवढं. त्यामागे अजून दोन. हिवाळ्यात आत झोपलेली असताना तिने त्यांना कोंडलं होतं.

तेवढ्यात खाली गाडी थांबली.

“मिसेस थ्वेट? मी हेसकेथ, उद्यानाच्या कार्यालयातून. उद्या येणार होतो, पण वरच्या वाडीवर काम निघालं. आज चालेल ना?”

तिने ती तिन्ही रुमालात गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकली आणि खाली उतरली.

“वर काय चाललं होतं?” त्याने सहज विचारलं.

“पन्हळ साफ करत होते.”

सरकारी माणसाशी ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली. हेसकेथ अर्धा तास होता. त्याने गोठा मापला, जिना चढून-उतरून पाहिला, एडविनला नमस्कार केला. जाताना त्याने त्या भिंतीकडे वर पाहिलं. फोडलेला चुना पांढराशुभ्र दिसत होता. मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेला.

त्याने काय लिहिलं, या विचाराने पुढचे अकरा दिवस तिला अन्न गेलं नाही. रुमाल तिने चहाच्या डब्यामागे ठेवला होता. पुरायचं धैर्य होईना, कारण पुरणं म्हणजे लपवणं, आणि फेकवतही नव्हतं. (पुढे मी ती फाइल पाहिली. त्या दिवशी हेसकेथने लिहिलं होतं: ‘जिना फारच उभा. रुग्णाला अशक्य.’ चुन्याबद्दल अक्षर नव्हतं.)

बाराव्या दिवशी सूर्य कलताना तपासणीसाठी नेरिस नावाची वेल्श बाई आली. तिशीची असेल, चिखलाचे बूट, पाठीवर पिशवी. हिल्डाने तिला बाहेरच्या खोलीत, एडविनच्या खाटेशेजारी बसवून चहा दिला. मग डब्यामागचा रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. हे सगळं नंतर नेरिसनेच मला सांगितलं.

“ही माझ्यामुळे मेली,” हिल्डा म्हणाली.

नेरिसने कप खाली ठेवला.

“फट कधी बुजवलीत?”

“मार्चमध्ये. मला वाटलं, वारा अडवतेय.”

“आत काही आहे, हे ठाऊक होतं?”

“नव्हतं. पण पत्र आल्यावर कळलं, आणि मग मी लपवत होते. साहेबाशी खोटं बोलले. तेही लिही.”

“मला लिहावंच लागेल, मिसेस थ्वेट. आणि हे पोलिसांकडे जाईल.”

“मला आत टाकलं तर याला कोण बघेल?”

“ते मला सांगता यायचं नाही. उगाच धीर द्यायला काहीबाही बोलणारही नाही मी.” नेरिस उठली. “पण उरलीत किती, ते तरी आज मोजू. खुर्च्या काढा बाहेर. यांनाही घ्या.”

अंगणात तिघं बसली, एडविन घोंगडीत गुंडाळून. उजेड मावळता मावळता कौलाखालच्या दुसऱ्याच एका भेगेतून एक वटवाघूळ सुटलं, मग दुसरं. एडविन डाव्या हाताने मांडीवर थाप मारून मोजत होता. चौदा झाली. नेरिसच्या वहीतही चौदाच होती. हिल्डाने डोळे मिटून घेतले होते. तिला एकही पाहवलं नाही.

जूनमध्ये पोलीस आले. घरातच दोन तास विचारपूस झाली. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. नंतरचे पाच आठवडे तिने एक पिशवी भरून दाराशी ठेवली होती, तिचे आणि एडविनचे कपडे वेगवेगळे बांधून. जुलैच्या शेवटी लेखी ताकीद आली, खटला नाही. पण पोलिसांचा विषय फायलीत आल्यामुळे अर्ज नुसत्या अधिकाऱ्याच्या सहीवर सुटेना. तो उद्यानाच्या समितीपुढे गेला.

सप्टेंबरमध्ये मीच तिला गाडीतून घेऊन गेलो. अर्जदाराला बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी तिला दोन पानं लिहून दिली होती. नाव पुकारल्यावर ती उभी राहिली, आणि माझी पानं तिने खाली ठेवून दिली.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “त्या जिवांची मला लाज वाटते. माझा नवरा फेब्रुवारीपासून बादलीवर बसतो. एवढंच आहे.”

ती बसली. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागलं नव्हतं. सदस्यांपैकी एकाने घरांच्या टंचाईवर बोलायला सुरुवात केली, अध्यक्षबाईंनी त्याला थांबवलं. मग हात वर झाले. हिल्डाने माझी बाही इतकी घट्ट धरली होती की मला मोजता येईना. अध्यक्षबाईंनी आकडा सांगितला: आठ बाजूने, तीन विरोधात. अटी होत्या: भिंतीचं काम ऑक्टोबरात, वटवाघळं थंडीची झोप घ्यायच्या आधी, नेरिसच्या देखरेखीखाली, आणि कौलाखालची ती भेग तशीच उघडी ठेवायची.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “परत विचारून ये. हो म्हणाले ना?” मी आत जाऊन विचारून आलो.

पुढच्या मार्चमध्ये खोली आणि न्हाणीघर तयार झालं. पहिल्या दिवशी तिने आणि शेजारच्या माणसाने मिळून एडविनला टबात बसवलं. पाणी निवलं तरी तो बाहेर यायला तयार होईना. तिने दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा रागावली. त्याने डावा हात पाण्यावर आपटून तिचा एप्रन चिंब भिजवला.

“नको, पोरी,” तो म्हणाला.

मग तिने चुलीवरून अजून एक किटली आणून ओतली, आणि टबाच्या काठावर त्याच्याशेजारी बसून राहिली.