काजवाल्या मावशींचा प्रश्न

शर्टांची काजं करण्यात मावशींची हयात गेली. कारखान्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. काजवाल्या मावशी म्हटलं की झालं. मशीनच्या खडखडाटात कान कधीच गेले होते. डाव्या कानात ऐकण्याचं यंत्र असे, पण रस्त्यावरचा गोंगाट त्यातून डोक्यात घुसे, म्हणून बाहेर पडताना त्या ते पर्समध्ये ठेवीत.

तीच पर्स एका पंधरा वर्षांच्या मुलीने खांद्यावरून हिसकावली. मावशी पडल्या, गुडघा फुटला. मुलगी सापडली, पर्सही मिळाली. यंत्र मात्र तिने गटारात फेकलं होतं.

गुडघा भरला, पण मावशी एकट्या रस्त्यावर पाऊल टाकेनात. मुलगा गाडीवरून त्यांना कामावर सोडी, घरी आणी. "अगं, योगायोग होता तो. तुझ्या जागी दुसरी कुणीही असती," असं तो समजावी. मावशींना ते काही पटत नसे. "तिने मलाच हेरलं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत.

बालन्यायालयाने दोघींची भेट ठरवली, तेव्हा मुलगा वैतागला. "कशाला तिच्या तोंडी लागतेस?"

"मला एक विचारायचंय."

खोलीत पाच खुर्च्या गोलात मांडलेल्या. मुलगी वडिलांशेजारी, मान खाली. समोर मावशी आणि त्यांचा मुलगा, मध्ये समुपदेशक बाई. मुलगी काहीतरी पुटपुटली.

"ती माफी मागतेय, मावशी," बाई मोठ्याने म्हणाल्या.

"मागू दे सावकाश. आधी सांग गं, रस्त्यावर एवढी माणसं होती. मलाच का धरलंस?"

मुलीचे ओठ हलले. बाई जरा अडखळल्या. "ती म्हणतेय, तुम्ही एकट्या दिसलात..."

"तुम्ही गोड करून सांगताय." मावशींनी खुर्ची मुलीजवळ ओढली आणि डावा कान पुढे केला. "तूच सांग. जोरात. मी चावत नाही. दातसुद्धा माझे नाहीत."

मुलीला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. "मी मागून दोनदा हाक मारली," ती ओरडून म्हणाली. "तुम्ही वळला नाहीत. म्हणून कळलं, ऐकू येत नाही."

वडिलांनी तोंड फिरवलं. मुलगा ताडकन उठला. "चल आई."

"बस खाली," मावशी शांतपणे म्हणाल्या. "मी म्हणत होते ना? इतके दिवस मला वेड्यात काढलंत सगळ्यांनी." मग त्या मुलीकडे वळल्या. "खरं बोललीस. बरं वाटलं."

नवं यंत्र वडील देणार होते, पण ते यायला वेळ होता. तोवर काय, असं बाईंनी विचारलं.

मुलीने नाक पुसलं. "मी सोडायला येऊ?"

"ये. पण शेजारून चालायचं, गाड्यांच्या बाजूने. आणि मागून कोण येतंय, ते मला सांगायचं."

सोमवारी मावशी पायी कामावर निघाल्या. कोपऱ्यावर मुलीने मागे पाहिलं आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"तुमचा मुलगा येतोय. झाडाआड लपला."

"येऊ दे," मावशी म्हणाल्या. "त्यालाही तेवढंच चालणं."