एका रनटाइमसाठी भांडणारे सुदामदादा

माझ्याशी मनापासून भांडणारा एकमेव माणूस गेला.

नऊ दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, चहा घेता घेता. हृदयविकाराचा झटका.

आज आळंदीला घाटावर सुदामदादांचा दहावा झाला.

ज्यांना ते ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची चाचणी घेणारी मशीन्स बनतात. दादा तिथल्या सॉफ्टवेअर टीमचे प्रमुख. गाव इथलेच, जमीन कारखान्यांत गेलेली.

मी लातूरची, मराठी माध्यमाची. मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी.

आमचे सॉफ्टवेअर तीन प्रोग्रामिंग भाषांत लिहिलेले आहे. प्रत्येकीचा रनटाइम, म्हणजे प्रोग्राम ज्या यंत्रणेच्या आधारावर चालतो ती, वेगळा.

दादांचे म्हणणे असे, की भाषा तीन असू द्या, रनटाइम एकच करा. एकीतून दुसरीत आकडे पाठवताना दर वेळी रूपांतर करावे लागते आणि आमच्या बहुतेक चुका नेमक्या तिथेच होतात.

मला ते पटत नव्हते. एका रनटाइमवर आणल्या की भाषा आपापला स्वभाव गमावतात. शिवाय मेमरीच्या साफसफाईसाठी तो क्षणभर थबकला, तर तिघीही थबकणार.

"आमी चार भाऊ," दादा म्हणाले. "चुली चार, पन इहीर एकच हाय. काय बिघडलं?"

"आणि ती आटली तर?"

"मंग चौघं मिळून खणू. तुमच्या हिशेबानं चार इहिरी पाडायच्या व्हय, मॅडम?"

सगळी टीम हसली. मीही.

दादांचा एक नियम होता. वादात प्रत्येकाने आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती अशी, की त्याने स्वतः मान डोलवावी. इंग्रजी अडले तर खुशाल मराठीत.

"आधी माझ्या बाजूनं भांडा. मंग माझ्याशी."

त्या नियमामुळे मी बोलायला शिकले.

निर्णयाची मीटिंग दादा असतानाच ठरली होती. ते गेल्यावरही ती पुढे ढकलता आली नाही.

साहेबांनी विचारले, सुरुवात कोण करणार. मी उभी राहिले आणि दादांची बाजू मांडली. त्यांनी मांडली असती तशी, एकही मुद्दा न गाळता. इंग्रजी अडले तिथे मराठीत बोलले.

यानंतर माझी बाजू दादांनी मांडायची होती.



शेवटी तीही मीच मांडली. मांडताना लक्षात आले, दादा ती माझ्यापेक्षा चांगली मांडत असत.

निर्णय त्यांच्या बाजूने लागला. एकच रनटाइम.

आज घाटावर वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, माझा हात धरून म्हणाल्या, "ह्यांचं अन् तुझं कायतरी भांडान चालू व्हतं. रोज घरी येऊन सांगायचे. मिटलं का?"

म्हटले, मिटले वहिनी. दादांचे म्हणणे सर्वांनी मान्य केले.

त्या किंचित हसल्या. मग पदर डोळ्यांना लावला.

"मंग त्यांना करमायचं न्हाई गं."

दादा, मला अजूनही पटलेले नाही.

मतभेद कायम ठेवून, तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली.