डॉक्टरांचं बोलणं, सोयीपुरतं

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी मला आणि ह्यांना शेजारी बसवून सगळं नीट सांगितलं होतं, म्हणून तर राग जास्त येतो. मणक्यातली नसांची वाट अरुंद झालीय. उभं राहिलं, चाललं की नसा दाबल्या जातात, पाय जड होतात. बसलं, जरा पुढं वाकलं की मोकळं वाटतं. ऑपरेशनची घाई नको म्हणाले. पण ओट्याशी उंच स्टूल ठेवा, चालताना मधेमधे बसा, व्यायाम करा, ओझं उचलू नका. नवरा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. मला वाटलं, चला, घरात माझ्या बाजूनं बोलणारं एक माणूस झालं.

कारण घरात मी सोंगाडी ठरले होते. खुरपायला बसले की दिवस निघायचा, आणि ओट्याशी भाकरी थापताना पायांना मुंग्या यायच्या. जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "खुरपायला धडधाकट अन् भाकरीला आजारी! आसलं दुखनं आमी न्हाई बघितलं."

दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं. कांद्याची काढणी तोंडावर आलेली, मजूर मिळत नव्हते. हे म्हणाले, "काय न्हाई, आई. वाकलं की बरं वाटतं म्हनले डॉक्टर. कांदं काढाया काय हरकत न्हाई."

बस्स. स्टुलाचं नाही, ओझ्याचं नाही. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "तुला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं व्हय?" जाऊबाईंचं मला फारसं वाटत नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. ह्यांना ठाऊक होतं.

काढणीभर मी कांदे उपटले, भरलेल्या पाट्या वाहिल्या आणि घरी येऊन भाकरी थापल्या, उभ्यानंच. शेवटी शेवटी तर शेतातून घरी येताना वाटेतच बसकण मारावी लागायची.

परत तपासायला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "ओझं नाही ना उचलत?"

मी बोलायच्या आत हे म्हणाले, "छ्या, सायेब! काडीला हात लावू देत न्हाई आमी." आणि माझ्याकडे बघून हसले.

"सायेब, ह्यांना भाईर बसवा," मी म्हणाले.

ह्यांचं हसू तसंच राहिलं. मग उठले आणि गेले. दार लागल्यावर डॉक्टर म्हणाले, "बोला ताई." पण मला पायांचं काही सांगताच येईना, नुसतं रडू येत राहिलं.