पांढऱ्या साडीचा बडग्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे गावातली इडापिडा बाहेर नेणारी बाईची मोठी पुतळी. तिच्या मागेपुढे बडगे असतात, म्हणजे बांबू, कागद आणि चिंध्यांचे पुतळे. ज्याचा राग आला असेल त्याचा बडग्या करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. महागाईचा, भेसळीचा, कुणाचाही. इतवारीमागच्या आमच्या गल्लीचा बडग्या मी करत असे. सत्तरच्या दशकात एका वर्षी मी नर्सबाईंचा केला.

गल्लीच्या टोकाला लहानसा दवाखाना होता. बाई धरमपेठेतून सायकलवर यायच्या आणि बुधवारी लहान मुलांना लस टोचायच्या. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, तिन्हींची मिळून एक सुई. त्या बुधवारी मी माझ्या मुलीला पहिल्या सुईसाठी नेलं होतं. माझ्यापुढे शेजारची वहिनी होती. तिच्या कडेवरचं मूल तापानं फणफणलं होतं. बाईंनी त्याच्या पोटाला हात लावून पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “याला आज सुई द्यायची नाही. आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या.” वहिनी तशीच घाईनं निघाली. बाकावरच्यांना काही ऐकू गेलं नसावं. मला गेलं.

ते मूल दगावलं. पुरून परतताना त्याचा बाप सगळ्यांसमोर म्हणाला, “सुई देल्ली अन् पोरगं गेलं.” मी त्याच्या बाजूलाच चालत होतो. अशा वेळी बापाला खोटं कसं पाडायचं, असं मी मनाशी म्हटलं. हे कारण पुढं फार वर्षं मला पुरलं.

पोळा जवळ आला होता. “या साली सुईवाल्या बाईचा बडग्या,” असं ठरलं. मी नाही म्हणू शकलो असतो. उलट बायकोची जुनी पांढरी साडी मागून घेतली, हातात बांबूची भलीमोठी सुई दिली, पाटीही माझ्याच अक्षरात रंगवली. मिरवणुकीत लोक थांबून पाहायचे. “मस्त बनवला गा, हुबेहूब तिच्यासारखा,” म्हणत पाठीवर थाप मारायचे. मला ते आवडलं होतं, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर बुधवारी दवाखान्यातला बाक रिकामा राहू लागला. मुलीच्या दुसऱ्या सुईची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, “तुमीच बाहुलं जाळलं, अन् आता पोरगी तिच्याच हाती देता?”

“सुई चांगली आहे.”

“मंग जाळलं काहून?”

तिलासुद्धा मी खरं सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात गल्लीत डांग्या खोकला आला. माझी मुलगी खोकून खोकून निळी पडायची. ती वाचली. पलीकडच्या घरातली वाचली नाही.

मग मी बाईंकडं गेलो. त्या कापसाचे बोळे करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “साडी छान नेसवली होती. नाक्यावर उभी राहून पाहिली मी.” मी चुकलो म्हणालो. “मला काय सांगता? मी तिथंच होते. गल्लीत सांगा.”

मी घरोघर गेलो. मुलीला सगळ्यांच्या देखत सुई टोचून आणली. लोक हसायचे, “बाईनं काही देल्लं वाटते तुले.” सुई चांगली आहे एवढंच मी सांगत राहिलो. त्या मुलाला सुई दिलीच नव्हती, हे सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर त्याचा बाप खोटा पडला असता. काही वर्षांनी बाक पुन्हा भरू लागला, पण तोवर बाई बदली मागून निघून गेल्या होत्या. बाक भरला तो नव्या नर्सबाईंसाठी. जुन्या बाईंनी पोर मारलं, हे गल्लीत तसंच राहिलं.

गेल्या वर्षी तो बाप वारला. सुतकाचे दिवस उलटून गेल्यावर मी वहिनीकडं गेलो. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हटलं, “वहिनी, त्या दिवशी बाईंनी सुई दिली नव्हती. मी ऐकलं होतं.”

“मले माहीत नाही का? माह्याच कडेवर होता.” तिचे हात थांबले नाहीत. “मी ह्यायले म्हटलं, मोठ्या दवाखान्यात चला. उद्या पाहू म्हणाले. मंग सासू म्हणे, तूच नेलं सुईले, तूच मारलं. साऱ्या बाया म्हणत. किती वर्सं कोणी हळदीकुंकवाले बोलावलं नाही मले.”

शेंग सोलता सोलता ती पुढं म्हणाली, “तुमच्याकडं पाहो मी, भाऊजी. वाटे, यायनं तं ऐकलं हाये. हे आज तोंड उघडतीन, उद्या उघडतीन.”

गप्प राहून आपण या घराची अब्रू राखतो आहोत, असं मी इतकी वर्षं समजत होतो. अब्रू राखली ती फक्त तिच्या नवऱ्याची. आणि माझी.

तिनं सुनेला हाक मारली. “इकडं ये वं. भाऊजी काय म्हणतात ते आईक.”

सून पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.