इंदू सिस्टरनं झाकलं नाही

लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि पावसानं पुन्हा दगा दिला होता. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात टँकरचं गढूळ पाणी यायचं. त्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. मी कापडदुकानदार, पण दुकान टाकून मला निलंगा रस्त्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

तिथं इंदू नावाची नर्स होती. नांदेडच्या एका मास्तरांची मुलगी, नोकरीला नवी. दुपारी तिनं मला उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात ती परत आली, चेहरा उतरलेला, हातात इंजेक्शनची रिकामी कुपी. तिनं मोठ्या सिस्टर नीलाबाईंना माझ्या खाटेपाशी बोलावलं.

“बाई, माझं चुकलं. उलटीचं द्यायचं होतं, मी लघवी होण्याचं दिलंय.”

माझ्या अंगातलं पाणी आधीच सरलं होतं, त्यात हे. आता नीलाबाई तिला फाडून खातील, असं मला वाटलं. त्यांनी आधी माझी नाडी धरली.

“लगेच सांगितलंस, लई बरं केलंस. जा, डॉक्टरला बोलाव. मी हितंच हाय.”

डॉक्टरांनी सलाईन वाढवलं. संध्याकाळी रक्तदाब एकदम उतरला, डोळ्यांपुढे अंधारी आली. पण कशानं उतरला ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी गोंधळलं नाही. सकाळी मी उठून बसलो, तेव्हा इंदूनं काय घडलं ते स्वतः मला समजावून सांगितलं.

“माझा जीव गेला असता की,” मी चिडून म्हणालो.

“हाव, गेला असता,” नीलाबाई म्हणाल्या. “हिनं झाकलं असतं, तर आम्ही आजारच वाढला म्हणून बसलो असतो, गुरुपादप्पा.”

माझा राग तिथंच निवला.

पाण्याची पिंपं ठेवायला औषधांची खोली रिकामी केली होती आणि सगळ्या कुप्या एकाच ट्रेमध्ये पडल्या होत्या. दोन्ही औषधांच्या कुप्या तपकिरी. नीलाबाईंनी सगळ्या नर्सना गोळा करून विचारलं, “असं आणखी कुणाच्या हातून होता होता राहिलंय?”

मग उमाबाई नावाची जुनी नर्स म्हणाली, “माझ्या. मागच्याच आठवड्यात.” तिच्यामागून आणखी एक बोलली. त्याच दिवशी कुप्या वेगळ्या डब्यांत गेल्या. इंजेक्शन भरताना नाव मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं ते ऐकायचं, असं ठरलं.

घरी निघताना मी इंदूला विचारलं, “पोरी, भीती नाही वाटली?”

“वाटली ना. मी शिकत होते तिथं थर्मामीटर फुटला तरी पेशंटसमोर अपमान व्हायचा, म्हणून सगळ्याजणी चुका लपवायच्या. इथं पहिल्याच दिवशी नीलाबाईंनी स्वतःची एक चूक मला सांगितली होती.”

मी दोघींना हात जोडले. माझ्या घरात आज जे हसणं-बोलणं आहे, ते त्या दोघींमुळे.

पुढं इंदू लातुरात एका दवाखान्याची मोठी सिस्टर झाली. माल आणायला गेलो की मी तिला भेटून येतो. मागच्या खेपेला ती एका नव्या पोरीशी बोलत होती, पोरीचे डोळे ओले होते. मला बघून इंदूनं हातानंच थांबायची खूण केली. मी बाहेरच्या बाकावर बसलो. घाई कसलीच नव्हती.