वाजणारं पाणी

काळेसाहेब माझ्या मागे आहेत, हे मला ऐकू येत होतं. म्हणून मी वळून बघितलं नाही.

मार्च संपत आलेला. सकाळचे अकरा वाजून गेलेले. खोडाळ्याच्या अलीकडच्या माळावर आम्ही दोघं पळत होतो. वाट एका माणसापुरती, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. मी पुढे, ते मागे. पळताना हातातल्या अर्ध्या भरलेल्या बाटलीत पाणी हिंदकळतं आणि त्याला एक ठेका असतो. डुचुक, डुचुक. तो ठेका माझ्या मागे वीसेक पावलांवर नीट चालू होता.

माझं काम आधी सांगते. डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचे मार्ग मी आखते. पूर्वी फिजिओथेरपिस्ट होते. आधी लोकांचे गुडघे दुरुस्त करायचीस, आता बिघडवायची सोय करतेस, असं माझा नवरा म्हणतो. मार्ग आखायचा म्हणजे नुसती वाट शोधायची नसते. कुठे सावली आहे, कुठे जीप पोचते, कुठे माणूस चक्कर येऊन पडू शकतो, हे सगळं स्वतः पळून बघायचं. त्याला आम्ही रेकी म्हणतो.

या शर्यतीत भांडण होतं ते पाण्यावरून. आयोजकांना प्रत्येकाच्या हातात अर्ध्या लिटरची बाटली हवी होती. तळव्याला पट्ट्याने अडकवायची, फोटोत छान दिसते. मला पाठीवरची हायड्रेशन बॅग हवी होती. तिच्यात दोन लिटरची रबरी पिशवी असते, तिला ब्लॅडर म्हणतात, आणि खांद्यावरून नळी तोंडाशी येते. मी फोनवर म्हणाले, "जव्हार-मोखाड्यात पाऊस कितीही पडो, मार्चमध्ये माळावर थेंब मिळत नाही." ते म्हणाले, "मग दोन्ही वापरून बघा आणि रिपोर्ट द्या."

म्हणून बॅग मी घेतली आणि बाटली काळेसाहेबांना दिली. ते बँकेतून निवृत्त झालेले, साठीचे, आमच्या ग्रुपमधले सगळ्यात जुने धावपटू. तब्येत ठणठणीत, पण तोंड एक मिनिट बंद नाही. सकाळी सहाला साखरशेतच्या बाजूने निघालो तेव्हापासून त्यांची नोकरी, त्यांची बदली, त्यांचा जावई असं सगळं माझ्या मागून येत होतं.

माझी बॅगसुद्धा बोलत होती. पिशवी भरताना आत हवा राहिली की प्रत्येक पावलाला पाणी डचमळतं. काळेसाहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या पाठीवर कोणीतरी ताक घुसळतंय." पाणी घेऊन आलेल्या जीपपाशी शेवटचं पाणी भरलं तेव्हा मी त्यांना युक्ती दाखवली. पिशवी उलटी धरायची आणि नळीने आतली हवा ओढून घ्यायची. हवा नाही तर आवाज नाही. त्यांनी ते नीट पाहिलं, स्वतःची बाटली भरून घेतली आणि आम्ही माळाकडे निघालो.

म्हणजे माझी पाठ गप्प होती, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

माळ चढून आलो तेव्हा ऊन पांढरं झालं होतं. लांबचे डोंगर दिसेनासे झालेले. वाटेत दोन पाडे लागले, दोन्ही रिकामे. माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली, दारांना कुलपं. एका अंगणात कोंबडीसुद्धा नव्हती. माळाच्या मध्यावर मोहाचं एक झाड आहे, तिथे वाटेला फाटा फुटतो. डावी वाट आणखी एका पाड्यावर जाते, उजवी उताराला लागते. मी डावीकडे वळले आणि मागे न बघता हात वर करून दिशा दाखवली. तेव्हाही डुचुक, डुचुक चालूच होतं. आवाज बाटलीच्या मानाने जरा जड वाटला. वारा तिकडचा असेल, म्हटलं.

काळेसाहेब बोलत नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

पाड्यावर पाच घरं. चारांना कुलूप, पाचव्याच्या दारात एक बाई नुकताच हंडा उतरवून बसली होती. पन्नाशीची, सडपातळ. नाव जमनी, हे नंतर कळलं. हंड्यातल्या पाण्यावर जांभळीची हिरवी डहाळी तरंगत होती.

"एकलीच आलीस, बाय?"

"नाही, मागे साहेब आहेत," असं म्हणत मी वळले.

मागे वाट होती. सरळ, उघडी, मोहाच्या झाडापर्यंत दिसणारी. तिच्यावर कोणी नव्हतं. आवाज नेमका कधी थांबला, हे मला आजही सांगता येत नाही.

साठीचा माणूस, भर उन्हात, हातात अर्धा लिटर पाणी. आणि ते अर्धा लिटर मी ठरवलेलं, दोन लिटर माझ्या पाठीवर. मी हाका मारल्या. शिट्टी फुंकली. फोनला रेंज नव्हती. मग मी त्या बाईला घाईघाईने सांगायला लागले की आत्ता तर होते, त्यांचं पाणी मला सारखं ऐकू येत होतं.

ती उठली. "पानी वाजत होता?"

"हो."

"चल. विहिरीकडं."

कुठली विहीर, का, काही सांगितलं नाही. हंडा तसाच उघडा टाकून ती अनवाणी निघाली आणि मी, दहा वर्षं पळणारी, तिला गाठताना धापा टाकत होते. मोहाच्या झाडापासून तिने उजवी वाट धरली. उताराच्या तळाशी जुनी दगडी विहीर होती. आत उतरायला पायऱ्या, त्यातल्या निम्म्या ढासळलेल्या. पाणी फार खाली, काळं, बशीएवढं.

काळेसाहेब तिसऱ्या पायरीवर उभे होते. बूट काढून कडेला नीट जोडीने ठेवलेले. चौथी पायरी नव्हतीच. ते एक पाय पुढे करून ती चाचपत होते.

जमनीने हाक मारली नाही. ती गुपचूप मागून गेली, त्यांचा दंड धरला आणि लेकराला आणावं तसं वर आणलं. मी त्यांना सावलीत बसवलं, माझी नळी त्यांच्या तोंडात दिली, डोक्यावर पाणी ओतलं. अंग तापलेलं, घाम थांबलेला. अजून अर्धा तास गेला असता तर हे मी लिहिलं नसतं. ते विहिरीकडे पाहत म्हणाले, "मॅडम, तुम्ही वर कधी आलात? आत्ता तर खाली उतरलात."

"मी इकडे आलेच नाही, साहेब."

"असं कसं? तुमच्याच पाण्याच्या आवाजामागे आलो की मी. माझी बाटली चढावरच संपली होती."

मी त्यांची बाटली हातात घेतली. कोरडी होती. झाकणातसुद्धा ओल नव्हती.

उन्हाने माणसाला भलतंच दिसतं, ऐकू येतं. मी स्वतः हे प्रशिक्षणात शिकवते. काळेसाहेबांचं कोडं त्याने सुटतं. पण मी तर पोटभर पाणी प्यायले होते. त्यांची बाटली रिकामी, माझ्या पिशवीत हवा नाही, मग माझ्या मागे काय वाजत होतं?

पाड्यावर परत आल्यावर जमनीने त्यांना नाचणीची आंबील दिली. तोवर ते शुद्धीवर आले होते, म्हणजे आंबिलीची पाककृती विचारायला लागले होते. मी हंड्यातल्या डहाळीबद्दल विचारलं. तिने सांगितलं, डहाळीने पाणी सांडत नाही. एवढं आपणही समजू शकतो, पाण्याला हलायला मोकळीक राहत नाही. मग ती म्हणाली, "आन वाजत नाय. त्या वाटंनं वाजता पानी आमी नेत नाय. सासूनं शिकवला."

"का?"

तिने उलट मलाच विचारलं, "तुला कोठून ऐकू आला?"

"मागून."

"आन तुला, दादा?"

"पुढून," काळेसाहेब म्हणाले.

जमनीने दोघांकडे एकदा पाहिलं. "मंग तुमच्या मधी चालत होती."

काळेसाहेबांनी आंबिलीचा वाडगा खाली ठेवला आणि वळून वाटेकडे पाहिलं.

संध्याकाळी मोखाड्याहून आयोजकांना फोन केला. म्हटलं, हातातली बाटली रद्द.

"मग बॅग?"

"तीही नाही. सॉफ्ट फ्लास्क." या मऊ पिशव्या असतात, अर्ध्या लिटरच्या. छातीवरच्या खिशात दोन बसतात आणि शिवाय एक जादा घेता येते. पाणी पिऊ तशी पिशवी आक्रसत जाते, आत हवा राहतच नाही, बॅगेसारखी ती आठवणीने ओढून काढावी लागत नाही.

"कारण काय लिहू?"

"लिहा, वजनाचा तोल चांगला राहतो."

ते खरंच आहे. नियमावलीत तेवढंच छापलंय. शिवाय मोहाच्या झाडाखाली एक माणूस बसवायचा असं मी ठरवलं आणि ते काम जमनीमावशीला दिलं. तिने एकच अट घातली, विहिरीच्या वाटेकडच्या बाजूला भरलेला हंडा ठेवणार, डहाळी घालून, त्यातलं कोणी प्यायचं नाही. मी का म्हणून विचारलं नाही. शर्यतीच्या दिवशी तिने जाणारा प्रत्येक माणूस डोळ्यांनी पाहून बोटांच्या पेरांवर मोजला आणि सगळे खोडाळ्याला पोचले. काळेसाहेबही पळाले. त्या फाट्यावरून जाताना ते फार मोठ्याने बोलत होते, असं मावशी म्हणाली.

या धंद्यात मी शिकलेली गोष्ट साधी आहे. पाणी कशातूनही न्या, पण मागचा माणूस कानाने मोजू नका. वळून बघायला दोन सेकंद लागतात.

त्या माळावरून दरवर्षी रेकीला जावं लागतं. मी मोहाच्या झाडापाशी आले की वळून बघते. एकटी असले तरी.